२६/११ ला १७ वर्षं झाली, किनाऱ्यावर खरंच काय बदललंय? समुद्रावर जाणाऱ्यांनी सांगा

श्रीवर्धनचा_पोरगा:

नमस्कार मंडळी. नोव्हेंबर आला की टीव्हीवर ताजची तीच चित्रं लागतात, ओंबळे साहेबांचा फोटो दिसतो, गेट वेवर मेणबत्त्या लागतात, आणि ते सगळं व्हायलाच पाहिजे. पण मला थोडं वेगळं विचारायचंय. मी मूळचा श्रीवर्धन तालुक्यातला, सध्या नोकरीला पुण्यात, घरी बाबांची बोट आहे. १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली, त्यातलं आरडीएक्स आणि हत्यारं उतरली ती आमच्याच तालुक्यात, शेखाडीला आणि दिघीला. मग २००८ ला ते दहा जण समुद्रातूनच आले. ऑगस्ट २०२२ मध्ये दहीहंडीच्या आदल्या दिवशी हरिहरेश्वरला एक बोट लागली, आत तीन एके ४७. तेव्हा मी घरीच होतो. दुपारपासून रस्त्यावर नाकाबंदी, आई म्हणाली परत तसंच होतंय की काय. नंतर कळलं की ती ओमानच्या बाजूला इंजिन बंद पडून सोडून दिलेली बोट होती, वाहत वाहत आली, अतिरेक्यांचा संबंध नव्हता. बरं झालं. पण माझा प्रश्न तोच आहे, ती बोट खडकाला लागेपर्यंत कुणाला दिसली कशी नाही?

आमच्या बंदरावर एक सुरक्षा रक्षक बसतो. प्लास्टिकची खुर्ची आणि एक लांबडं रजिस्टर. बोटीचा नंबर, तांडेलाचं म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचं नाव, खलाशी किती, किती वाजता गेली एवढं लिहायचं. बोटी भरतीच्या हिशोबानं निघतात म्हणजे पहाटे तीनला पण निघतात, तिथं दिवा नाही, तो मोबाईलची बॅटरी दातात धरून लिहितो. परत येताना एकदम पंधरा-वीस बोटी लागतात, मासळी उतरवायची घाई, लिलाव, बर्फाची गाडी, त्यात हा एकटा माणूस कुठल्या बोटीतून सात गेले आणि सातच आले का हे कसं मोजणार? पगार दोन दोन महिने लांबतो असं तोच सांगतो. मी त्याला दोष देत नाहीये. मला एवढंच कळून घ्यायचंय की १७ वर्षांत जे काही झालं म्हणतात, रडार, सॅटेलाईट, वगैरे, ते या खुर्चीपर्यंत पोचलंय का. ज्यांना आतलं माहितीय त्यांनी प्लीज लिहा, फक्त सरकारला शिव्या घालायला येऊ नका.

---

नौदल_घरातली:

दादा, प्रश्न चांगला आहे पण "काही बदललं नाही" असा सूर लागला की मला वाईट वाटतं, कारण माझे दोन भाऊ नौदलात आहेत आणि घरी काय त्याग असतो ते मी बघितलंय. २००८ च्या आधी समुद्राची जबाबदारी नक्की कुणाची हेच धड ठरलेलं नव्हतं. फेब्रुवारी २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलावर दिली, किनाऱ्याजवळच्या समुद्राची जास्तीची जबाबदारी कोस्ट गार्डवर दिली, मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअरला जॉइंट ऑपरेशन सेंटर उभी राहिली जिथं सगळ्या यंत्रणांची माणसं एकत्र बसतात. पहिल्याच टप्प्यात किनाऱ्यावर आणि बेटांवर ४६ रडार बसवली, बरीचशी दीपगृहांवर. नोव्हेंबर २०१४ मध्ये पर्रीकर साहेब संरक्षणमंत्री असताना गुरुग्रामला ते केंद्र सुरू झालं जिथं हे सगळं चित्र एका पडद्यावर येतं. २०१९ पासून सी व्हिजिल नावाचा सराव होतो त्यात सगळी किनारी राज्यं एकाच वेळी उतरतात. आणि २००८ नंतर समुद्रातून तसा हल्ला झालेला नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तर अरबी समुद्रात आपलं नौदल पुढं उभं होतं, आमच्या वहिनीला तेव्हा बरेच दिवस फोन नव्हता.

---

श्रीवर्धनचा_पोरगा:

ताई, तुमच्या भावांबद्दल आदरच आहे. काही बदललं नाही असं मी म्हणत नाहीये. पण २०११ ला पवित नावाचं अख्खं जहाज ओमानकडून महिनाभर वाहत येऊन जुहूच्या वाळूत रुतलं, तेही पावसाळ्यात. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कुवेतहून तीन तमिळ मच्छीमार मालकाच्या जाचाला कंटाळून त्याचीच बोट घेऊन निघाले ते पार मुंबईपर्यंत आले. ते बिचारे गरीब होते, पगार मिळत नव्हता म्हणून पळाले होते. पण त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर?

---

नौदल_घरातली:

मान्य आहे. पण त्या कुवेतच्या बोटीला शेवटी पोलिसांच्या गस्तीच्या बोटीनंच अडवलं ना. २००८ ला अडवायला कुणी नव्हतं. आपला किनारा आधी ७,५१६ किमी मोजत होते, आता नव्यानं वळणं-खाड्या धरून मोजला तो ११,०९८ किमी भरला. एवढ्या किनाऱ्यावर प्रत्येक होडी कोण बघणार?

---

खाकी_आता_घरी:

मी सागरी पोलिसात नऊ वर्षं काढली, आता निवृत्त आहे, ठाण्याचं नाव सांगत नाही. पोरा तू खुर्चीचं लिहिलंस म्हणून लिहायला बसलो. मोबाईलवर टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे सागरी सुरक्षा योजना २६/११ नंतर नाही, २००५ लाच सुरू झाली होती. देशभर ७३ सागरी पोलीस ठाणी, २०४ बोटी असं त्यात होतं. म्हणजे कागदावर योजना असताना ते दहा जण आले. दुसरा टप्पा २०११ ला, आणखी १३१ ठाणी. बोटी चांगल्या होत्या, पाच टनी आणि बारा टनी, सरकारी शिपयार्डात बांधलेल्या, पळायला वाऱ्यासारख्या. पण पळवणार कोण? मी घाटावरचा माणूस, पोहायला विहिरीत शिकलेलो, बदली झाली म्हणून समुद्रावर गेलो, पहिले सहा महिने बोटीवर पाय ठेवला की उलट्या. मला जरा समुद्र कळायला लागला तोवर माझ्याबरोबरचे निम्मे परत जमिनीवर बदलून गेले आणि नवे आले, त्यांच्याही उलट्या सुरू. इंजिन बिघडलं की पार्ट बाहेरून यायचा, तोवर बोट उभी. डिझेल महिन्याचं ठरलेलं. आमच्याकडं तर ओहोटीला बोट चिखलात बसायची, म्हणजे ओहोटीच्या वेळी कुणी फोन केला की "साहेब अमुक ठिकाणी बोट दिसतेय" तर आम्ही भरतीची वाट बघत बसणार. मी रात्री दोन वाजता असा फोन घेतलाय आणि चिखलात गुडघाभर उभा राहून ती बोट ढकलून बघितलीय. बारा टन काय हलतंय.

आता खरी गोष्ट सांगतो. रडारवर बोट दिसते, ती कुणाची आहे ते दिसत नाही. आणि २० मीटरच्या खालच्या बोटींना मोठ्या जहाजांसारखं एआयएस, म्हणजे ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र, लावायची सक्ती नाही, आपल्या मच्छीमारांच्या बहुतेक बोटी त्याहून लहान. कुबेर आठवा, २६/११ च्या अतिरेक्यांनी समुद्रात ताब्यात घेतलेली. ती पोरबंदरची बोट होती. आपलीच बोट, आपलाच नंबर, आपलाच रंग. खलाशी मारून टाकले आणि तांडेल अमरसिंह सोलंकीला मुंबईपर्यंत बोट आणायला लावली, मग त्यालाही मारलं. आज तीच कुबेर तशीच आली तर पडद्यावर एक ठिपका दिसेल आणि कागदावर ती एकदम बरोबर असेल. तिला ओळखणार कोण? शेजारून जाणारा दुसरा तांडेल. पोरबंदरची बोट इतक्या दक्षिणेला जाळं न टाकता सरळ का चाललीय, हाक मारली तर उत्तर का देत नाही, हे फक्त त्याला खटकतं. मुंबईत बधवार पार्कला रबरी होडीतून ते उतरले तेव्हा त्यांना पहिलं बघितलं ते तिथल्या कोळी लोकांनी.

एक अनुभव सांगतो. सागर कवच म्हणून सराव असतो, त्यात आमचीच माणसं अतिरेकी बनून घुसायचा प्रयत्न करतात. एका वर्षी त्यांनी भाड्यानं मासेमारीची बोट घेतली, लुंग्या नेसले, डोक्याला फडकी बांधली, नंबर बिंबर सगळं ओके. कोस्ट गार्डच्या बोटीसमोरून आले, आमच्या नाक्यासमोरून आले, कुणाला काही नाही. जेट्टीवर एक म्हातारी कोळीण बसलेली, मासळी घ्यायला आलेली. तिनं बघितलं आणि ओरडली, ही बोट आपली नाय, पोलिसांना बोलवा. आम्ही विचारलं आजी कसं ओळखलंस. म्हणाली, सकाळी साडेसहाला बोट लागतेय आणि टोपल्या कोरड्या, बर्फ नाही, आणि एकाच्या पण हाताला जाळ्याचे वळ नाहीत. तिला कुठल्या ट्रेनिंगला पाठवलं होतं?

पण तीच म्हातारी पुढच्या वेळी फोन करेल का? कारण फोन केला की काय होतं तेही मी बघितलंय. ज्यानं खबर दिली त्यालाच ठाण्यात बसवून ठेवायचं, जबाब, कागद, आधार कार्ड, उद्या परत या. एका तांडेलाला असाच दिवसभर बसवला होता, बोटीतला बर्फ वितळला, मासळी गेली, त्या ट्रीपचं डिझेल अंगावर पडलं. तो मला म्हणाला साहेब आता समोरून तोफ घेऊन गेला तरी मी मान खाली घालून जाळं ओढीन. माझ्याकडं उत्तर नव्हतं. नऊ वर्षांत मला सगळ्यात जास्त हे लागलं.

१०९३ आणि १५५४ हे दोन नंबर लक्षात ठेवा, पहिला सागरी पोलिसांचा, दुसरा कोस्ट गार्डचा.

---

डहाणू_तलासरी:

काकांनी लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. आमच्याकडची पोरं ऑगस्टला गुजरातला जातात, ओखा, पोरबंदर, वेरावळ, तिकडच्या बोटींवर खलाशी म्हणून. उचल घेऊन जातात, मे महिन्यात परत येतात. आमच्याकडं शेती पावसापुरती, दुसरं काम नाही. माझा मामा असाच गेला होता. एका रात्री पलीकडची, पाकिस्तानची बोट आली आणि सगळ्यांना धरून नेलं. मामीला चौथ्या दिवशी कळलं, तेही दुसऱ्या बोटीवरच्या पोरानं फोन केला म्हणून. मालकाचा पहिला प्रश्न बोटीचा, कारण माणूस कधीतरी सुटतो पण बोट सहसा परत येत नाही, पन्नास-साठ लाखाची बोट गेली की तोही रस्त्यावर.

मामा म्हणतो समुद्रात रेघ नसते. जाळं टाकलं की बोट करंटबरोबर वाहते, रात्री कुठं गेलो ते सकाळी कळतं. जीपीएस तांडेलाकडं असतो, खलाशाला कोण दाखवतो. आणि मासळी तिकडंच जास्त मिळते म्हणून मालकाचं पण दडपण असतं, हेही खरं आहे, मी लपवत नाही.

मामाला कराचीत शिक्षा झाली काही महिन्यांची. ती संपली. मग "हा भारताचाच नागरिक आहे" हे ठरवायला जो वेळ लागला त्यात तो तसाच आत. इकडं मामी एका ऑफिसात गेली तर सांगितलं बोट गुजरातची आहे तिकडं विचारा, तिकडं फोन केला तर माणूस महाराष्ट्राचा आहे तिकडं विचारा. एक पत्र आलं होतं त्याचं, हिंदीत, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेलं कारण त्याला लिहिता येत नाही. चार घड्या घातलेलं, मधून फाटायला आलेलं, आणि तारीख बघितली तर लिहून सात महिने झालेले. त्यात एवढंच होतं की मी बरा आहे, बैल विकू नका. बैल तोपर्यंत विकले होते.

२०२३ मध्ये बरेच जण सोडले, त्यात तो वाघा बॉर्डरवरून आला. आता समुद्रावर जात नाही, रात्री झोपत नाही नीट.

आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये जलपरी बोटीवर पलीकडून गोळीबार झाला त्यात आमच्याच भागातला माणूस गेला. तेव्हा चार दिवस सगळे आले होते.

मला हे सांगायचंय की ही पोरं देशाच्या शेवटच्या टोकाला रोज असतात. सरकार म्हणतं तुम्ही आमचे डोळे आणि कान. मग डोळा फुटला की बघायला कुणी का येत नाही?

---

नकाशे_वाचणारा:

ताई/दादा, तुमच्या मामाबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं. "समुद्रात रेघ नसते" हे अक्षरशः खरं आहे. त्या भागात भारत-पाकिस्तानची सागरी हद्द दोन्ही देशांनी मिळून आजपर्यंत ठरवलेलीच नाही. घोडं अडलंय सर क्रीकवर, कच्छच्या रणातली साधारण ९६ किमीची खाडी. आणि त्याचं मूळ मुंबईत आहे हे फार जणांना माहीत नसतं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, १९३६ पर्यंत. कच्छचे राव आणि सिंध यांच्यात वाद झाला म्हणून १९१४ मध्ये मुंबई सरकारनं ठराव केला, त्याच्या नकाशात हद्दीची रेघ खाडीच्या पूर्व काठावर दाखवलीय. पाकिस्तान तो नकाशा धरून म्हणतो सगळी खाडी आमची. भारत म्हणतो की त्याच ठरावात नौकानयन होणाऱ्या पाण्याचा नियम सांगितलाय, म्हणजे हद्द प्रवाहाच्या मधून, आणि नंतर खांबही तसेच रोवले होते. १९६८ ला कच्छच्या रणाच्या वादाचा निकाल लागला पण त्यात ही खाडी नव्हती. २००७ ला दोन्ही देशांनी मिळून सर्व्हे पण केला, २०१२ पर्यंत बोलणी झाली, मग थांबली.

खाडीत आहे काय, चिखल आणि खेकडे. पण खाडीचं तोंड जिथं संपतं तिथून समुद्रातली रेघ सुरू होते, आणि तिथं थोडं इकडं तिकडं झालं की पुढं २०० सागरी मैलांपर्यंत हजारो चौरस किमीचा फरक पडतो, मासळी, तेल, गॅस सगळ्यासकट. म्हणून कुणी मागं हटत नाही. २ ऑक्टोबर २०२५ ला राजनाथ सिंह भुजला म्हणाले की कराचीचा एक रस्ता सर क्रीकमधून जातो, ते पलीकडं त्या भागात चाललेल्या लष्करी बांधकामावरून. म्हणजे वाद मिटायच्या दिशेनं नाहीये.

पण हद्द मिटेपर्यंत माणसं सोडवायची यंत्रणा असायला काय हरकत आहे? २००८ चा करार आहे, दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या देतात. २०२५ ला एवढं युद्धासारखं झालं तरी १ जुलैला याद्या दिल्या गेल्या, पाकिस्ताननं सांगितलं की भारताचे १९३ मच्छीमार त्यांच्या कैदेत आहेत, आपण सांगितलं त्यांचे ८१ आपल्याकडं आहेत. तेही सिंधमधले असेच गरीब कोळी. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती होती, ती तुरुंगात जाऊन बघायची, तिची शेवटची बैठक २०१३ ला झाली. ती परत सुरू करायला एक इंच जमीन सोडावी लागत नाही. माझं ठाम मत आहे की इथं आपण पुढाकार घेतला पाहिजे, पाकिस्तानवर विश्वास आहे म्हणून नाही, आपली माणसं आहेत म्हणून.

---

नौदल_घरातली:

डहाणू, तुमचं वाचून मी थोडा वेळ काही लिहू शकले नाही. मामींना नमस्कार सांगा.

एक विचारायचं होतं, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान पालघरला आले होते, वाढवण बंदराच्या पायाभरणीला, तेव्हाच एक लाख बोटींना इस्रोचे ट्रान्सपॉन्डर लावायची योजना सुरू केली. मोबाईलला रेंज नसली तरी सॅटेलाईटवरून मेसेज जातो, हद्दीजवळ गेलं तर इशारा येतो असं ऐकलंय. ते लागलं का तुमच्याकडं?

---

श्रीवर्धनचा_पोरगा:

ताई आमच्या बोटीला लागलंय. वस्तू चांगली आहे, मी स्वतः बघितलीय, वादळाचा मेसेज येतो, बुडायला लागलं तर बटण आहे. पण बरेच जण ते बंद ठेवतात. कारण विचारलं तर सांगतात की कुठं चांगली मासळी लागली ते दुसऱ्याला कळेल, किंवा चुकून किनाऱ्यापासून बारा मैलांच्या कुठल्या नियमात सापडलो तर हेच पुरावा म्हणून दंड लावतील. परराज्यातले एलईडी दिव्यांनी मासळी ओढणारे ट्रॉलर रात्री येऊन सगळं उपसून नेतात तेव्हा कुणी येत नाही आणि आमच्यावर मात्र नजर, असं लोकांच्या मनात बसलंय. काका म्हणतात तेच झालं, विश्वास नसेल तर मशीन नुसतं डबडं.

काल रात्री बाबांना फोन केला. म्हटलं समुद्रात काही संशयास्पद दिसलं तर काय करता. म्हणाले हवालदाराला फोन लावतो. कुठला हवालदार? तर आठ वर्षांपूर्वी आमच्या नाक्यावर एक होते, बोटीवर येऊन बसायचे, चहा प्यायचे, सगळ्या तांडेलांना नावानं ओळखायचे, त्यांचा नंबर. त्यांची बदली होऊन पाच वर्षं झाली. बाबा म्हणाले तो उचलतो आणि पुढं कळवतो. १०९३ माहीतच नव्हता. मी तो आता सेव्ह करून दिलाय पण बाबा म्हणाले तिकडं कोण बोलतं ते माहीत नाही.

---

खाकी_आता_घरी:

पोरा, तो हवालदार कोण ते मला माहीत नाही पण त्याला माझा सलाम. बदल्या करताना निदान सागरी ठाण्याची माणसं पाच-सात वर्षं एका जागी ठेवा, आणि भरती करताना कोळीवाड्यातली पोरं घ्या ज्यांना पोहायला शिकवावं लागत नाही, हे मी लेखी दिलं होतं दोनदा. पोलीस राज्याचा विषय आहे, दिल्लीला विचारायची पण गरज नाही. तुमच्या मच्छीमार सोसायटीनं ठराव करून पालकमंत्र्यांना द्या, मसुदा मी लिहून देतो, मेसेज कर.

---

डहाणू_तलासरी:

काका मलापण पाठवा तो मसुदा, आमच्याकडं सोसायटी नाही पण ग्रामसभेत मांडू.

आणि नकाशेवाल्या सरांना एक विचारायचंय. मामाच्या बराकीत आमच्या शेजारच्या पाड्यावरचा एक पोरगा होता, तो अजून आला नाही. त्याची आई दर वेळी माझ्याकडं येते आणि मी तिला पेपर वाचून दाखवतो. पेपरात आकडा असतो, नावं नसतात. आता १ जानेवारीला परत यादी येईल. ती नावांची यादी गरिबाला कुठं बघायला मिळते?

---

नकाशे_वाचणारा:

याद्या दोन्ही परराष्ट्र खाती एकमेकांना देतात, बाहेर आकडाच येतो. पण खासदारामार्फत परराष्ट्र मंत्रालयाला पत्र देऊन एका नावाची चौकशी करता येते. त्या पोराचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, बोटीचा नंबर आणि पकडल्याची तारीख एवढं त्याच्या आईकडून कागदावर घ्या. इथं लिहू नका, मला मेसेज करा. अर्ज मी मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही करून देतो, रविवारपर्यंत.